कलता कणा

इटलीतल्या लढाईत डावा हात गेला, तेव्हापासून जोतीरामला घरात कुणी काही करूच देईना. थोरला भाऊ दादासो त्याच्यावर जीव टाकायचा, पण मोटेच्या बैलांचा कासरा काही हाती देत नव्हता. "बसून खा रं, लय भोगलंस." त्या बसून खाण्याचंच जोतीरामला विष झालं होतं. हात गेला होता, माणूस नव्हता गेला!

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं पलटणीतली एक दुर्बीण आणली. केरबा सुतारानं ती टेकवायला बाभळीची घोडी करून दिली. एक खिट्टी वर-खाली करायला, दुसरी बाजूला वळवायला. पण आभाळ कुठं थांबतंय! एक खिट्टी फिरवेपर्यंत चांदणी दुसरीकडून पसार.

दादासो धावलाच. "एक तू फिरीव, दुसरी मी धरतो."

"नगं! केरबा, मोडक्या गाडीचा कणा आन. त्यो ध्रुवाकडं कलता बसीव, दुर्बीण त्येच्यावर. सारं आभाळ ध्रुवाभवतीच फिरतंय. मग एकच खिट्टी फिरवायची. इटलीच्या दवाखान्यात एका सायबाकडं बघितलंय मी."

बघायला आलेले शाळेचे हंबीरराव मास्तर हसले. "अरे, तसली घोडी आभाळाचे फोटो काढणाऱ्याला लागते. नुसतं बघायला साधी पुरते."

"दोन हातवाल्याला पुरती, मास्तर."

केरबानं कणा बसवला, पण ओळंबा लावून, ताठ उभा! वाकडं काम केलं तर गावात तोंड कसं दाखवू, म्हणून बिचाऱ्यानं आपल्याच मनानं सुधारून टाकलं होतं. जोतीरामनं पाचर उपटून फेकली. "गावाला हसू दे, तू कलता कर!" आपल्याकडं ध्रुव बुटका, डोंगराच्या जरासाच वर. तेव्हा कणा जवळजवळ निजलाच. गाव हसायचं ते हसलं.

दिवेलागण झाली, अंधार पडला, तशी त्यानं दुर्बीण शनीवर लावली. चंद्राबाईनं लेकाचा दंड धरला. "नगं रं बाबा, त्येची नजर वंगाळ."

"हात तर गेलाच, आये. आता आनि काय नेनार त्यो? आता मी बघतो त्येच्याकडं!"

दादासोनं डोळा लावला. कड्यातला शनी चमकत होता. सवयीनं त्याचा हात खिट्टीकडं गेला.

"हात काढ, दादा."

जोतीराम एका हातानं खिट्टी फिरवत राहिला. दादासो कितीतरी वेळ वाकलेलाच होता.

"पळंना की रं ह्यो!"

"मी पळू देत न्हाई. आन उद्या मोट मी हाकनार."

दादासोनं दुर्बिणीवरनं डोळा उचलला, पटक्याच्या शेवानं पुसला.

"मग नीज जा," तो म्हणाला. "बैलं येरवाळी, पहाटंच जुपावी लागत्यात."