ओळ एकतीस, जागा दोन

डेल्मर स्ट्राउडने फुटबॉलच्या तिकीट कचेरीचं पत्र उलटून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. ते पुन्हा सुलटं करून त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना गं?"

"आहे, सर."

"मग ऐक. तुमच्या यादीत घोळ झालाय. एकतिसावी ओळ, जागा एक आणि जागा दोन. दोन्ही माझ्या, शेजारी शेजारी. एकीवर अकराशे डॉलर देणगी आणि दुसरीवर काहीच नाही?"

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. तिकीट कचेरीतली ही मुलगी आवाजावरून विशीतली वाटत होती, आणि डेल्मरसारखे पन्नास म्हातारे तिला सकाळपासून भेटले असावेत.

"घोळ नाही, सर. दोन्हीकडे तिकिटाचे चारशे वीस आहेतच. एक नंबर यंदापासून देणगीच्या जागांत गेली, त्यामुळे ती राखायची तर अकराशे वर. दोन नंबरला देणगी लावलेली नाही, कारण तिथून मैदान पूर्ण दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"इथं तसं लिहिलंय, सर."

"तू बसलीयस का तिथं कधी? माझी बायको चाळीस वर्षं बसली. एका शब्दानं बोलली नाही."

"तुम्ही स्वतः बसला होतात का, सर?"

डेल्मर तिथे कधीच बसला नव्हता. कागदाच्या गिरणीत उजवा गुडघा गेल्यापासून त्याला पाय पसरायला कडेची जागा लागायची. एक नंबर त्याची, दोन नंबर वायनेलची, यात कधी अदलाबदल झालीच नव्हती.

"शुक्रवारपर्यंत कळवा," मुलगी म्हणाली. "नाहीतर दोन्ही सुटतील."

देणगी म्हणजे माणसाने आपखुशीने द्यायची गोष्ट, असं डेल्मर लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आला होता. ही देणगी मात्र दिली नाही तर बूड टेकायला जागा उरणार नव्हती. बेल्फर कॉलेजच्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन शेवटच्या रेघेपलीकडे पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, खर्च गेली काही वर्षं असाच हळूहळू हातपाय पसरत आला होता. पूर्वी गाडी कुठेही लावा, कुणी हटकत नसे. मग वीस डॉलर झाले, मग साठ. मग घरचं पाणी आत न्यायला बंदी आली. मग कागदी तिकीटच गेलं. त्यावर दर वर्षी बगळ्याचं नवं चित्र असे आणि वायनेल ती तिकिटं फ्रीजच्या दारावर लावून ठेवी. बेल्फरच्या संघाचं नाव बगळे. त्यात हसण्यासारखं काही आहे, असं गावात अजून कुणाला वाटलेलं नाही.

एकतिसावी ओळ तर केव्हाच विरळ झाली होती. पलीकडचे डॉक्टर गेले, त्यांच्या मागच्या दोघी शिक्षिका बहिणी गेल्या. तीन वर्षांपूर्वी हॉइट प्रुइटनेही हात टेकले. हॉइट गिरणीपासूनचा दोस्त. त्याची बायको अर्लीन मोहरी घालून भरलेली उकडलेली अंडी आणायची आणि ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची.

"माझ्याकडे ये की," हॉइट फोनवर म्हणाला. "भिंतीएवढा टीव्ही घेतलाय. संडास दहा पावलांवर, पार्किंग फुकट, अंडी आहेतच."

"शिवाय तुझं थोबाड बघायचं."

"ते चाळीस वर्षं फुकटात बघितलंस, तेव्हा बरं चाललं!"

डेल्मर हसला, पण गेला नाही. मागच्या वर्षी एकदा गेला होता. सोफ्यावर हॉइट आणि अर्लीन एकाच शालीत पाय घालून बसले होते आणि तो बाजूच्या खुर्चीत. मध्यंतरातच गुडघ्याचं निमित्त काढून तो उठला होता.

खरी गोष्ट निराळी होती आणि ती त्याने हॉइटलाही सांगितलेली नव्हती. या गावात हंगामाच्या शनिवारी कुणी लग्न ठरवत नाही, आणि मेलेल्या माणसालासुद्धा जमलं तर रविवारपर्यंत थांबवून ठेवतात. सत्त्याऐंशी साली वायनेलच्या आईला कुणी थांबवलं नाही. सामना एकला, दफन तीनला. "पहिलं सत्र बघतो आणि येतोच," असं डेल्मर बायकोला म्हणाला होता, आणि म्हणताना आपण काही भयंकर बोलतोय असं त्याला खरोखर वाटलं नव्हतं. तेव्हा तो प्यायचा. तो दफनभूमीत पोचला तेव्हा माती लोटून झाली होती, माणसं पांगली होती आणि वायनेल एकटी उभी होती.

"गाडी मी चालवते," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही. पण घरात वर्षभर नुसतं जेवायला वाढणं होतं, बोलणं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात, पहिल्या सामन्याच्या दिवशी, तिने आपली बाकावर घ्यायची हिरवी उशी काखेत मारली आणि दारातून "चल" म्हणाली. आणि त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात, काही न बोलता, तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो श्वास रोखून बसला होता.

माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही. घरी, गाडीत, चर्चच्या बाकावर ती ताठच बसे. पण एकतिसाव्या ओळीत ते डोकं दर शनिवारी येऊन टेकायचं, थेट ती अंथरुणाला खिळेपर्यंत. चौऱ्याण्णव साली भर पावसात चौथं सत्र चाललेलं, बगळे एकेचाळीस गुणांनी मागे, खेळ सगळा मैदानाच्या एका टोकाला, गावच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला, चिखलात रुतलेला, स्टँड निम्मा रिकामा, आणि हे दोघं एका प्लास्टिकच्या खोळीत. "जाऊ या का घरी?" त्याने विचारलं होतं. "थांब की जरा," ती म्हणाली होती, आणि डोकं हललं नव्हतं.

ती गेल्यावर दोन वर्षं त्याने दोन्ही जागा राखल्या आणि दोन नंबरवर तिची उशी ठेवली. आता दोन्ही राखणं पेन्शनच्या बाहेरचं होतं. शुक्रवारी त्याने कचेरीत फोन करून एक नंबर सोडली. दोन नंबरची किंमत तिने ठरवलेली नव्हती, कचेरीने ठरवली होती, तरीही तिच्या जागेवर आपण स्वस्तात बसणार याची त्याला जरा लाज वाटली.

पहिल्या सामन्याच्या दिवशी त्याने गाडी चर्चच्या अंगणात लावली आणि काखेत उशी घेऊन दीड मैल चालत गेला. ऊन मी म्हणत होतं. फाटकावरच्या बाईने त्याच्या फोनमधून तिकीट शोधून दिलं, उशी दाबून पाहिली आणि आत सोडलं.

एक नंबरवर चाळिशीपलीकडचा एक माणूस बसला होता. अंगातल्या हिरव्या शर्टावर दुकानातल्या घड्या अजून दिसत होत्या. तो चटकन उठून उभा राहिला.

"या काका. आत जायचंय?"

"दोन नंबर," डेल्मर म्हणाला. स्वतःच्या जागेला वळसा घालून आत जाताना गुडघा कुरकुरला.

माणसाचं नाव ट्रेंट. अटलांटाहून आला होता, जागा त्याच्या कंपनीने घेतली होती. "पहिल्यांदाच येतोय," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मी आहे इथलाच."

खेळ सुरू झाला. बगळे डावीकडे निघाले, जिकडे कॉलेजचा बँड बसतो त्या बाजूला. हळूहळू रेटत ते शेवटच्या रेघेच्या जवळ आले आणि डेल्मरच्या डोळ्यांसमोरून नाहीसे झाले.

त्याने डोळे चोळले. समोर खांब होता. वरचा मजला पेलणारा, हिरवा रंगवलेला, दोन माणसांच्या कवेत मावेल एवढा. खांब त्याला माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. एक नंबरवरून तो बाजूला राहायचा, पलीकडची थोडीशी गर्दी झाकायचा. इथून मात्र बँडकडचं पाव मैदान त्याने गिळलं होतं.

एकदम सगळं स्टेडियम उठलं, भोंगे वाजले, वरून कुणाचं तरी सरबत सांडलं.

"काय झालं?" डेल्मरने विचारलं.

"गेला की पलीकडे!" ट्रेंट ओरडला. "दिसलं नाही तुम्हाला?"

काय झालं? हेच वायनेल विचारायची. दर थोड्या वेळाने विचारायची आणि तो वैतागायचा. लक्ष कुठं असतं गं तुझं, म्हणायचा.

पुढच्या वेळी खेळ खांबामागे गेला तेव्हा त्याने मान उजवीकडे कलती केली. अजून थोडी. आता बँडकडची रेघ दिसायला लागली. आणि त्याच क्षणी त्याच्या कानाला ट्रेंटचा खांदा लागला.

"सॉरी," डेल्मर म्हणाला आणि चटका बसल्यासारखा सरळ झाला.

वरचा मजला कधी चढवला हे त्याला आठवायचं नव्हतं. पण ते गिरणीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, कारण त्या उन्हाळ्यात निम्मे मजूर जादा पैशांसाठी त्या कामावर गेले होते. अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. त्याआधी इथे खांब नव्हता.

दुसऱ्या सत्रात संघांनी बाजू बदलल्या, पण पाहुण्यांनी बगळ्यांना असं मागे रेटलं की खेळ पुन्हा बँडकडेच गेला. डेल्मरने पाहिलं नाही. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. इतकी वर्षं तो या एका गोष्टीवर जगला होता. गिरणी सुटली, दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, घर रिकामं झालं, तरी आपल्याला माफी मिळालीय हे एक त्याच्या पदरात होतं. आणि ती बिचारी खांबाच्या आडून खेळ बघायला वाकत होती. एवढंच. वर्षानुवर्षं कधी बोललीही नाही, कारण बोलली असती तर गुडघा घेऊन त्याला इथे बसावं लागलं असतं. ऐंशी हजार माणसं त्याच्याभोवती एका आवाजात ओरडत होती आणि त्यातल्या एकाशीही त्याला बोलता येण्यासारखं नव्हतं.

"काका, तुम्ही बसता का इकडे?" मध्यंतरात पाण्याची बाटली पुढे करत ट्रेंटने विचारलं. "मला काय, मी फोनवर पण बघतो."

"नको. तुझ्या कंपनीनं मोजलेत पैसे."

"फारच मोजलेत," ट्रेंट म्हणाला. "माझे वडील आले असते, पण त्यांच्या तिकिटाला कंपनी नाही म्हणाली."

तिसरं सत्र डेल्मरने कसंबसं काढलं. ते संपल्याचा भोंगा झाला तशी त्याने उशी काढून काखेत घेतली आणि तो उठला. हॉइटकडे जावं, नाहीतर सरळ घरी. ट्रेंट त्याला वाट द्यायला उभा राहिला. पण तेवढ्यात बँडने सूर धरला आणि सगळ्या स्टेडियमने हात वर करून चार बोटं दाखवली.

"हे काय?" ट्रेंटने विचारलं.

"चौथं सत्र. आपलं आहे म्हणायचं." डेल्मरचाही हात सवयीने वर गेला होता. "बोटं वर असताना जिन्यावर पाऊल टाकायचं नसतं. हरतो मग."

"खरंच?"

"एकदा टाकलं होतं एकानं. अजून त्याला गावात कुणी उधार देत नाही."

ट्रेंट हसला आणि त्यानेही चार बोटं वर केली. डेल्मरला खाली बसावं लागलं. समोर दोन्ही संघ मैदान ओलांडून बाजू बदलत होते. खेळ सुरू झाला आणि आता बगळे उजवीकडे निघाले, पाण्याच्या टाकीकडे. दहा पावलं, वीस, तीस. डेल्मर ते खांबामागे जायची वाट बघत होता. ते गेले नाहीत. खांब डावीकडे राहिला होता. उजवीकडे रेघ होती, गवत होतं, उन्हात चमकणारी शिरस्त्राणं होती आणि त्यांच्या मागे टाकी, तिच्यावरची गावाच्या नावाची अक्षरं. मान तसूभरही न हलवता सगळं दिसत होतं.

त्याने मुद्दाम ताठ बसून पुन्हा पाहिलं. टाकीच्या बाजूचं काहीच झाकलं जात नव्हतं. त्या पावसातही झाकलं गेलं नसणार, तरी तिचं डोकं हललं नव्हतं.

हातातली उशी त्याने मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आता दिसतंय का काका?" ट्रेंटने मैदानावरून नजर न काढता विचारलं.

"दिसतंय की. टाकीकडचं सगळं दिसतं इथून."

ट्रेंटने वळून पाहिलं. म्हातारा उजवीकडे कलून बसला होता, डोकं त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर.

"मग वाकलात कशाला?"

"असंच," डेल्मर म्हणाला, आणि सामना संपेपर्यंत तसाच बसून राहिला.