माझी अडून बसणारी चांदणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगावर दहा खाचा आहेत: गोल, चौकोन, त्रिकोण, अर्धगोल, चांदणी अशा. प्रत्येक खाचेत बसणारा एकेक लाकडी तुकडा आहे. लहान मूल ते तुकडे किती चटकन बसवतं, हे घड्याळ लावून मोजतात आणि त्यावरून त्याची समज वयाला साजेशी आहे का, याचा अंदाज बांधतात. चेन्नईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या मानसशास्त्र विभागात माझं सारं आयुष्य गेलं. माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजणार नाही. मी मत्सरी आहे.

जॉर्ज टाउनमधल्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला सागवानातून घडवलं. विभागात आले तेव्हा हेमावती मॅडम नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्या मला स्वतःच्या हातानं पुसत. "हाताला लाकूड लागलं की रडणारं मूलसुद्धा खेळायला लागतं," असं त्या सगळ्यांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. त्या काळी माझ्या बरोबरीचं कोणी नव्हतंच, त्यामुळे मत्सर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी माझी मूळची चांदणी कुठेतरी हरवली. घाईघाईत दुसरी बनवून आणली, ती हलक्या लाकडाची. समुद्राच्या दमट हवेनं ती फुगली आणि खाचेत अडायला लागली. विभागातल्या लोकांनी युक्ती काढली: चांदणी जरा डावीकडे फिरवायची आणि अंगठ्यानं दाबायची. नवीन माणूस आला की जुना त्याला ही युक्ती शिकवी. मुलांना मात्र कोणी सांगत नसे, कारण चाचणी चालू असताना मुलाला मदत करायची नाही असा नियम आहे. मूल तिथे अडखळलं की मोठी माणसं म्हणत, चांदणी जरा अवघडच जाते सगळ्यांना. हळूहळू त्यांचे हात इतके सरावले की तुकड्यात दोष आहे हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

माझ्या ध्यानात होतं. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. कारण मधल्या काळात विभागात टॅब्लेट आला होता.

काय त्याचा थाट! निळं कव्हर, रोज चार्जिंग, ठेवायला कुलपाचा कप्पा. आमचे अनंतकृष्ण सर त्याला हात लावण्याआधी रुमालानं बोटं पुसत. माझ्यावर मात्र तेच सर डब्यातल्या दहीभाताचे हात तसेच टेकवत. त्याच्या काचेवर आकार बोटानं सरकवले की ते आपोआप जागेवर बसतात, वर टाळ्यांचा आवाज येतो. माझ्यासाठी कधी कोणाच्या टाळ्या वाजल्या? मुलांच्या चाचण्या बऱ्याचदा अजून माझ्यावरच होत, पण पाहुण्यांना दाखवत ते त्याला, आणि मी कपाटाच्या तळाच्या खणात, मोडक्या छत्रीशेजारी. त्याची बॅटरी उतरली की मला अख्खा दिवस बरं वाटायचं. अशा वेळी माझी चांदणी सदोष आहे हे कोणाला कळलं असतं, तर माझा निकालच लागला असता. म्हणून मी गप्प.

वर्षातून चार दिवस मात्र माझा मान परत मिळायचा. ते म्हणजे प्रवेशाच्या मुलाखतींचे दिवस. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमाला आमच्याकडे जागा फक्त आठ. एका मार्गदर्शकाला ठरावीकच विद्यार्थी घेता येतात, म्हणून त्या वाढत नाहीत, आणि अर्ज येतात शेकड्यांनी. आधी एम.ए.चे गुण बघतात, मग लेखी परीक्षा, त्यातून चाळीस जणांना बोलावणं. मुलाखतीच्या शेवटी प्रात्यक्षिक असतं, वीस गुणांचं, आणि ते माझ्यावर. टॅब्लेट स्वतःच सगळं मोजतो, मग उमेदवाराची पारख कशी करणार, असं हेमावती मॅडमचं म्हणणं. शिपाईकाम करणाऱ्या कनका अक्का समोरच्या खुर्चीत सहा वर्षांचं मूल होऊन बसत. नाक काय ओढत, पाय काय हलवत! उमेदवारानं त्यांच्यावर चाचणी घेऊन दाखवायची. हे सगळं चाले इंग्रजीत आणि तमिळमध्ये. मी तुम्हाला मराठीत सांगते आहे.

यंदा विजयेंद्र नावाचा मुलगा आला, लेखी परीक्षेत पहिला. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाला, "काय सुंदर लाकूड आहे! काचेवर ही मजा नाही." शेजारच्या टेबलावर टॅब्लेट पडला होता. त्यानं ऐकावं म्हणून मी जीव टाकत होते. कनका अक्कांनी नाक ओढत तुकडे बसवले. चांदणी त्यांच्या सवयीच्या अंगठ्यानं आपसूक बसली. सगळं झकास पार पडलं.

त्याच्यानंतर शरण्या आली. पेरुंगुडीतल्या एका कंपनीत समुपदेशकाची नोकरी करणारी, साधा सुती कुर्ता, हातात घामानं ओली झालेली फाइल.

"तुम्ही आधीही आला होतात?" हेमावती मॅडमनी विचारलं.

"तिसरी खेप आहे, मॅडम. यंदा झालं नाही तर पुन्हा फॉर्म भरणार नाही, असा घरी शब्द दिलाय."

प्रश्नोत्तरं बरी झाली. मग मला तिच्यासमोर ठेवलं. कनका अक्का खुर्चीत येऊन पाय हलवायला लागल्या. पण या मुलीनं त्यांना "एक मिनिट हं, कन्ना," असं मुलाशी बोलावं तसं लाडानं म्हणून थांबवलं आणि दहाही तुकडे एकेक करून स्वतःच बसवून पाहायला सुरुवात केली. नऊ बसले. चांदणी अडली. तिनं काढून पुन्हा लावली. पुन्हा अडली.

"जरा डावीकडे फिरवून दाबा," अनंतकृष्ण सर सहज म्हणाले.

शरण्यानं वर पाहिलं. "हे मुलांना सांगतात का, सर?"

"मुलांना कसं सांगणार? चाचणीत मदत करत नाहीत, एवढं तुम्हाला माहीत असेल."

"मग मला यावर वेळ मोजता येणार नाही."

हेमावती मॅडमचा आवाज कडक झाला. "प्रात्यक्षिक न करता उठलात तर वीसपैकी शून्य पडेल. विचार करा."

तिचा चेहरा उतरला. तिनं चांदणी पुन्हा खाचेवर टेकवली. घे, घे, मी मनात म्हणत होते, दाब अंगठा आणि मोकळी हो, तुझीही जागा राहील आणि माझीही. पण तिनं नोंदीचा कागद ओढला आणि लिहिलं: साधन सदोष आहे, चाचणी घेतली नाही. खाली सही केली, कनका अक्कांना थँक्स म्हणाली आणि बाहेर गेली.

मला तिचा इतका राग आला की काय सांगू! सगळ्यांसमोर, त्या टॅब्लेटसमोर, तिनं माझी अब्रू काढली होती. नापास होऊ दे, असंच मी घोकत राहिले.

"नियमानं शून्य," अनंतकृष्ण सर म्हणाले.

हेमावती मॅडम उठल्या. माझी चांदणी त्यांनी हातात घेतली आणि मुद्दाम न फिरवता, मुलासारखी सरळ लावली. एकदा, दोनदा, तीनदा. "सदोष साधनावर चाचणी घ्यायची नाही, हाही नियमच आहे, सर. मीच शिकवते तो." त्या मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. मन फार हललं की घरची बोली ओठांवर येते. "अय्यो देवा," त्या पुटपुटल्या, "अस्की लेकरं..." अस्की म्हणजे सगळी. "अकरा वर्षांतली अस्की लेकरं, कनका."

कनका अक्कांना मराठी कळत नाही, पण त्या पाय हलवायच्या थांबल्या.

तेव्हा कुठे मला उमगलं. माझी अब्रू जाईल, टॅब्लेट मिरवेल, एवढंच मी बघत बसले होते. चांदणीपाशी गेलेला प्रत्येक सेकंद कोणाच्या तरी कागदावर चढला होता. कोणाची शाळा बदलली होती. कोणाच्या आईनं बाहेरच्या बाकावर डोळे पुसले होते. मला ते बाकावरचं हुंदक्यांचं रडणं दाराआडून ऐकू यायचं आणि मी विचार करायचे तो टॅब्लेटचा.

यादी लागली. विजयेंद्र पहिला आणि शरण्या सातवी. रुजू झाल्यावर तिला पहिलं काम मिळालं ते जुने कागद काढून, मुलांना फेरचाचणीला बोलावण्यासाठी घरोघरी फोन करण्याचं. माझ्या जागी नवी फळी आली. मला कपाटाच्या माथ्यावर ठेवलं.

सर्वांत आधी कोवलमहून भव्या आली, नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी माझ्यापुढे बसली होती म्हणे. शरण्यानं नवी फळी पुढे ठेवली, आणि खरं सांगते, मी पुन्हा जळले. तिचं तकतकीत अंग, तिच्यावर वाकलेली ती चिमुकली मान! तुकडे भराभर बसत होते. चांदणी तर तिनं न बघताच बसवली. किती सेकंद लागले ते मला वरून दिसलं नाही, पण शरण्या घड्याळाकडे बघून हसली आणि भव्याची आई रडली, यावरून कळलं.

जाताना भव्याची नजर वर गेली. मला वाटायचं, मुलं मला विसरत नसतील. ती विसरली नव्हती. मला पाहताच तिनं आईचा पदर घट्ट धरला आणि तिच्या मागे लपली.

मित्रांनो, कोणी तुम्हाला संथ म्हटलं, तर खाली मान घालण्याआधी विचारा, फळी कोणी तपासली होती का? आणि उद्या मोजायचं काम तुमच्या हाती आलं, तर मुलाला खुर्चीत बसवण्याआधी सगळे तुकडे एकदा स्वतः बसवून पाहा.