शिंपल्यांची भिंत

मेथी पेरायची म्हणून रेणूनं मागचं अंगण खणायला घेतलं, तर मातीतून शिंपलेच निघायला लागले. तळहाताएवढे, आतून चमकणारे, आणि प्रत्येकाला गोल गोल भोकं पडलेली. तिनं त्यातले चार धुतले आणि कुंपणापलीकडे फुलांना पाणी घालत असलेल्या लोइसला दाखवले.

लोइस ऐंशीच्या पुढची. शिंपले पाहून ती हसली. "बटणं! त्या भोकांच्या जागी बटणं होती. कापून काढलेली. अख्ख्या देशाच्या शर्टांना आम्ही बटणं पुरवली, पोरी."

कॉलबर्न हे आयोवातलं, मिसिसिपीच्या काठचं लहानसं गाव. २००४ साली रेणूच्या नवऱ्याला, केदारला, तिथल्या एका इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट मिळालं आणि दोघं इथे आली. रेणूच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूरला तिनं राज्य नाट्य स्पर्धेतल्या कितीतरी नाटकांचं नेपथ्य केलं होतं. इथे ती गावच्या हौशी नाटकमंडळीत हौसेनं रंग मारायला जायची. गावाला दीडशे वर्षं होणार होती. त्यानिमित्त गावाच्या इतिहासावरच नाटक बसत होतं, आणि नेपथ्य करणारा माणूस अचानक डेन्व्हरला निघून गेल्यामुळे ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सोहळ्याच्या कमिटीची मागणी साधी होती. पांढरं चर्च, लाल कोठार, मागे मक्याचं शेत.

"हे कुठल्याही गावाचं होईल रे," ती केदारला म्हणाली. "यात कॉलबर्न कुठंय?"

"अगं, त्यांना तेवढंच हवंय ना? दे पेंट करून. टेन्शन कशाला घेतेस?"

पण शिंपले हाती लागल्यावर तिला स्वस्थ बसवेना. ती लायब्ररीत जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म बघू लागली. नदीकाठचा बटणांचा कारखाना, ओले ॲप्रन घालून उभी माणसं, आणि त्यांच्या मागे कारखान्याच्या छपराहून उंच असा टाकाऊ शिंपल्यांचा ढीग. पुढच्या काही वर्षांच्या अंकांत मात्र संप, दगडफेक, बंद फाटक.

लोइसनं तिला स्वयंपाकघरात बसवून बाकीचं सांगितलं. "आई घरी बटणं आणायची. आम्ही पोरं या अशाच टेबलाशी बसून ती पुठ्ठ्यांवर शिवायचो. संपात बाबा एका बाजूला, काका दुसऱ्या. पुढे कारखाना बंद पडला, पण दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत."

कमिटीच्या बैठकीत रेणूनं कारखान्याचं नाव काढताच अध्यक्ष डॅरेल यांचा चेहरा उतरला. हार्डवेअरचं दुकान चालवणारा, एरवी मोकळा माणूस. "ते नको," ते म्हणाले. "गाव फाटलं होतं त्यावरून. सोहळ्यात ते कशाला उकरायचं?"

वाद घालायची वेळ आली की रेणूचं इंग्रजी अडखळायचं. तिनं वाद घातलाच नाही. पिशवीतून पुठ्ठ्याचं लहानसं स्टेज काढलं. त्याच्या मागच्या बाजूला तारेत ओवलेल्या शिंपल्यांची भिंत टांगली होती.

"जरा दिवे घालवता?"

अंधारात तिनं शिंपल्यांमागे टॉर्च लावला. भिंतींवर, छतावर, डॅरेल यांच्या शर्टावर प्रकाशाचे गोल ठिपके पसरले. ती टॉर्च हलवायची तसे ते नदीच्या पाण्यासारखे हलायचे.

"माझे आजोबा त्या कारखान्यात मॅनेजर होते," शर्टावरच्या ठिपक्यांकडे बघत डॅरेल म्हणाले. "आमच्या घरी हा विषय निघायचाच नाही." मग त्यांनी एक शिंपला बोटानं हलवून पाहिला. "ही भिंत केवढी होईल?"

"स्टेजभर. पण शिंपले खूप लागतील."

"शिंपल्यांना काय तोटा? कारखान्याच्या टाकाऊ शिंपल्यांनीच गावातले खड्डे भरले. माझ्या ड्राइव्हवेखालीही तेच आहेत."

गावानं अंगणं खणली. बादल्या, पोती, पिकअप भरभरून शिंपले थिएटरच्या दारात येऊन पडले. दुकानातली तार डॅरेल यांनी दिली. टेन्शन घेऊ नकोस म्हणणारा केदार ऑफिसमधून थेट तिथे यायचा आणि बोटं सोलेपर्यंत ओवत बसायचा. "यार, हे भारी होणारेय," असं आता तोच दिसेल त्याला सांगत होता.

पहिल्या प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. पडदा वर गेला. रिकाम्या स्टेजवर भिंतीमागचा दिवा हळूहळू उजळला आणि ठिपके पहिल्या रांगेपासून थेट मागच्या दारापर्यंत लोकांच्या अंगावर उतरले. कुणीतरी "ओह" म्हणालं. आणि मग टाळ्या! एकाही नटानं तोंड उघडलं नव्हतं, तरी टाळ्या थांबेनात. विंगेत उभ्या रेणूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नाटक संपल्यावर डॅरेल यांनी तिला हाताला धरून, रंगानं माखलेल्या जीन्ससकट, स्टेजच्या मधोमध नेलं. "ही आमची डिझायनर," ते म्हणाले, "कॉलबर्नची." सगळा हॉल उभा राहिला. केदारची शिट्टी त्या गदारोळातही वेगळी ऐकू आली. रेणूनं मान ताठ ठेवून, मनसोक्त हसत ते सगळं घेतलं. मागे सरकली नाही.

घरी जायचं सोडून लोक स्टेजवर चढले. भिंतीला हात लावून बघायला लागले, आपापल्या अंगणातले शिंपले शोधायला लागले. नाटकातल्या स्वयंपाकघराचं टेबल अजून स्टेजवरच होतं. लोइस त्याच्याशी जाऊन बसली, त्यावरचा बटणांचा पुठ्ठा तिनं पुढे ओढला आणि समोरची खुर्ची डॅरेल यांना दाखवली.

"बस. तुझ्या आजोबांना आमच्या टेबलाशी बसणं कधी जमलं नाही," ती म्हणाली. "सुई खालून वर घ्यायची. हं, अशी."