भलताच अनाथ

आई-वडिलांच्या माघारी घर चालवणं म्हणजे काही खायचं काम नाही, आणि ताईच्या गळ्यात तर ते अठराव्या वर्षीच पडलं होतं. हाताखाली दोन नग. धाकट्या बहिणीला सगळे भोंगा म्हणत, कारण ती रडली की अख्खी गल्ली जागी व्हायची. तिच्या पाठचा भाऊ गोटी. तो एका जागी बसला तर समजावं, पोराला ताप आलाय.

त्या दिवशी परगावच्या चर्चच्या मंडळीतली माणसं सेवादौऱ्यावर यायची होती. पोरकी मुलंच जिथे घर चालवतात तिथे जायचं, प्रार्थना करायची, हातभार लावायचा. इथवर सगळं छान. पण त्यांच्यासोबत येणाऱ्या चर्चच्या पाळकसाहेबांना घराचे हाल दिसले, तर भोंगा मुलींच्या वसतिगृहात आणि गोटी मुलांच्या, दोघं दोन गावांना!

मग काय, ताईने फरशी अशी घासली की पाय ठेवायला भीती वाटावी. पोरांना न्हाऊमाखू घालून आतल्या खोलीत बसवलं. "हललात तर याद राखा!" स्वतः केस घट्ट बांधले आणि पोक्त दिसावं म्हणून आईचा चष्मा लावला. त्यातून तिला धड दारही दिसेना.

दार वाजलं. पाळकसाहेबांनी आत पाहिलं. लख्ख भांडी, ओळीत लावलेल्या चपला आणि चष्मेवाल्या बाई.

"माफ करा हं बाई, घर चुकलं आमचं," ते म्हणाले आणि सगळा जथा घेऊन शेजारच्या दारात गेलेसुद्धा!

शेजारी शिंपीकाका राहायचे. पन्नाशीचा सडाफटिंग माणूस. शिवणयंत्रावर कपड्यांचा डोंगर, शेगडीवर उतू गेलेलं दूध, आणि काका पलंगावर बसून पातेल्यातूनच जेवत होते.

"आई-वडील?" पाळकसाहेबांनी हळुवारपणे विचारलं.

"दोघंही गेले हो."

"मग घर कोण चालवतं?"

"चालतंय कुठे?" काका म्हणाले.

एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "हालअपेष्टांनी पोर किती लवकर पिकलंय!" त्या पुटपुटल्या. कुणी झाडू उचलला, कुणी पातेलं काढून घेतलं. पाळकसाहेबांनी काकांच्या टकलावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. काकांनीही डोळे मिटले. इतके लाड आईनंतर कुणी केले होते!

भिंतीपलीकडून प्रार्थनेचं गाणं ऐकू आलं, तेव्हा ताईचा संयम सुटला. चष्मा फेकून ती तरातरा तिथे गेली. समोरचा गोंधळ पाहून ती कशाला आली होती तेच विसरली.

"काका! कालच घासून दिलं ना मी पातेलं? आणि तुम्ही हो, केर दारातून आत लोटतात का? बूट काढा आधी! लादी कोण पुसणार, तुमचा काका?"

पाळकसाहेबांनी मुकाट्याने बूट काढून हातात घेतले. मागोमाग भोंगा आणि गोटी धावत आले. "ताई, ताई, आम्ही हललो नाही, फक्त आलो!"

तेव्हा कुठे ताईच्या ध्यानात आलं. ज्यांच्या हातात सगळं, त्यांनाच तिने फैलावर घेतलं होतं! आता संपलंच, असं वाटून तिने दोघा पोरांना आपल्यामागे ओढलं.

"ती ताई तुम्ही?" पाळकसाहेब चक्रावले. "म्हणजे मघाचं ते घर..."

"तिचंच," काका म्हणाले. "दोन ही पोरं आणि तिसरा मी. सकाळी हीच उठवते मला."

पाळकसाहेबांनी पोरांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग काकांकडे टक लावून पाहिलं. "पोरं कुठेही जाणार नाहीत," ते म्हणाले. "वसतिगृहात न्यायचंच असेल, तर यांना न्यायला हवं."

भोंग्याने असा काही सूर काढला की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. तिने काकांचा एक हात धरला, गोटीने दुसरा. "काकांना नाही न्यायचं! काका आमचे आहेत!"

ताईला आधी हसू फुटलं. मग महिनोन्‌महिने आवरून धरलेलं रडू आलं, तेही थेट भोंग्याच्या वरच्या पट्टीत, आणि हातातले बूट खाली ठेवून पाळकसाहेब तिच्यासाठी पाणी आणायला धावले.