भावजींचा पाय

टेलरबाईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तो सख्ख्या दिराच्या थेंबांपायी. "गोळ्या फेका वहिनी, माझे थेंब घ्या, शुगर मुळापासून जाईल," असं तो छातीठोकपणे म्हणाला, आणि घरचा माणूस म्हणून तिनं ऐकलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, वाढलेल्या साखरेनं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा दाह होत राहिला, अस्तर सुजून खरबरीत झालं, त्यावर चरबी साचली आणि रक्ताची वाटच बंद झाली. अस्तर खराब झालं की काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि दीर? "वहिनींनी पथ्य पाळलं नाही," असं गावभर सांगत सुटला! मेल्याच्या जिभेला काही हाड?

थेंबांनी काही होत नाही, हे त्यानं चारचौघांत कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या सकाळी ती कुबड्या टेकत त्याच्या थेंबांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईकं जमली होती. दीर रोजच्यासारखा उघडा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्यालाही शुगर होती, आणि स्वतःचा पाय हीच त्याची जाहिरात.

"आधी तळव्यांची नुसती आग व्हायची. आता बघा, काही जाणवतसुद्धा नाही!"

टेलरबाई चपापली. पाय जायच्या आधी तिचीही आग अशीच थांबली होती.

"बघू तरी, भावजी." कुबड्या बाजूला ठेवून ती समोर बसली आणि तिनं पाऊल हातात घेतलं. गार पडलेलं. डॉक्टर शोधायचे तशी घोट्यापाशी नाडी शोधली, ती लागेना. मग तिनं पदराला खोचलेली सुई काढली आणि तळव्यात टोचली. दीर थेंबांचे गुण गातच राहिला.

"अगं बाई, रक्त!" पुढची बाई किंचाळली.

"कुणाचं?" दिरानं विचारलं.

मग त्यानं खाली पाहिलं. तोंडचं पाणीच पळालं.

"वहिनी, हे काय झालं?"

"माझ्या पायाचं झालं तेच."

"आता काय करू?"

"थेंब घ्या की. मुळापासून जाईल."

"थेंबांनी काय होतंय, डोंबल!" तो ओरडला. "डॉक्टरांकडे न्या मला!"

टेलरबाईनं सावकाश सुई काढली, पुसली.

"नेते की. पण जरा मोठ्यानं बोला, भावजी. मागच्या लोकांना ऐकू नाही आलं."