खाणीकडे वळवलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना, गुडघाभर उंचीचा लाकडी खुंट आहे. माझ्यावर बसून लोक बुटातला खडा काढतात आणि पुढे जातात. पण सव्वीस वर्षे मी चांगला पुरुषभर उंच खांब होतो. मला वाट दाखवणारा एक आडवा हात होता आणि त्यावर खोल कोरलेले होते : 'काळी मेंढी, एक मैल'.

काळी मेंढी हा डोंगराखालच्या आमच्या गावातला पब. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे गाव तिथून फिरायला निघते. सकाळी दहाला दारात जमायचे, टेकडी चढायची, वरच्या कुरणांतून वळसा घालून उजेड असेपर्यंत पुन्हा त्याच दारात यायचे. आत पबवाली मॉइरा वाटाण्याचे घट्ट सूप तयार ठेवते. उतरताना कुरणाच्या टोकाला वाट फुटते. डावी ओढ्याकाठाने पबकडे जाते. उजवी जाते दगडांच्या जुन्या खाणीकडे, आणि तिच्या कडेला कुंपण नाही.

म्हणून तर मला उभे केले. कल्पना विनिफ्रेडची. ती गावात टपाल वाटायची. नाताळची ही फेरीही तिनेच सुरू केली होती. वादळात पडलेल्या ओकच्या झाडातून मला घडवले ऑल्विन बेकविथने. तो सुतार. तिने खडूने अक्षरे काढली, त्याने ती कोरली. माझा हात त्याने लोखंडी पट्टीने आणि दोन नटांनी आवळून बसवला. पुढे दर ऑक्टोबरात तो वर यायचा, माझ्यावरचे शेवाळ खरवडायचा, जवसाचे तेल चोळायचा आणि घरच्या गोष्टी मलाच सांगायचा. मी त्याला माझा माणूस समजत होतो.

म्हातारपणी ऑल्विनने सुतारकाम सोडले आणि ओढ्याकाठचे कुरण घेऊन मेंढ्या पाळल्या. डावी वाट त्याच कुरणातून जात होती. बाहेरगावचे लोक कुत्री मोकळी सोडून यायचे. एका शरदात अशाच एका कुत्र्याने त्याची गाभण मेंढी पळवून पळवून मारली. ऑल्विन तिच्याशेजारी चिखलात बसून राहिलेला मी पाहिला. मला त्याचे फार वाईट वाटले.

आठवडाभराने तो पाना घेऊन आला. नट ढिले झाले असतील, आवळायला आला असेल, असे मला वाटले. त्याने ते सोडवले, माझा हात उजवीकडे फिरवला आणि पुन्हा घट्ट आवळला. नाताळपर्यंतच, असे तो पुटपुटला. लोक खाण बघतील आणि आल्या वाटेने परत जातील, कोणाचे काही बिघडणार नाही. जाताना त्याने नेहमीसारखे मला थोपटले.

मित्रांनो, तेव्हापासून मी खोटे बोलत उभा होतो. स्वच्छ हवेत लोकांना खाण लांबूनच दिसायची आणि ते मला शिव्या देत माघारी फिरायचे. मी ते सोसले. नाताळ जवळ येत होता.

फेरीच्या दिवशी दाट धुके पडले. पुढे ऑल्विन होता, मागे तीसेक माणसे. माझ्यापाशी येताच तो थबकला आणि मान वर करून पाहू लागला. त्याचा हात खिशाकडे गेला. मागून कोणीतरी म्हणाले, "काय रे ऑल्विन, स्वतःच्याच खांबाला रस्ता विचारतोस होय?"

सगळे हसले. त्या क्षणी पाना बाहेर काढला असता, तर सगळ्यांना कळले असते. तोही हसला आणि डावीकडे वळला. सगळे गप्पा मारत त्याच्या मागे गेले. धुक्यात माझा हात कुठे आहे, हे कोणी पाहिलेही नाही.

विनिफ्रेड मात्र मागे होती. ती एकाहत्तर वर्षांची होती आणि सगळ्यांत शेवटी राहून कुरणांची फाटके लावत येणे हे तिचे काम होते. ती पोहोचली तेव्हा पुढच्यांचे आवाज विरून गेले होते. जमीन इतकी गोठली होती की पावलांचे ठसेही नव्हते. तिची पावले डावीकडे वळली, मग थांबली. तिने टाचा उंचावून माझा हात चाचपला, अक्षरांवरून बोटे फिरवली.

"तू म्हणतोस तर उजवीकडे," ती म्हणाली.

मला ओरडता आले असते तर! थोड्या वेळाने दगड घसरल्याचा आवाज आला, आणि मग तिची हाक.

ती हाक दोन तास येत होती. दिवस कलताना पबमधली माणसे शोधायला निघाली. सगळ्यांच्या आधी, धापा टाकत, ऑल्विन पोहोचला. तिची हाक त्यालाही ऐकू येत होती. पण त्याने आधी पाना काढला, माझा हात डावीकडे फिरवला आणि मगच तो खाणीकडे धावला.

तिला स्ट्रेचरवरून आणले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. कमरेचे हाड मोडले होते. खांबाने उजवीकडे दाखवले, असे ती पुन्हापुन्हा सांगत होती. कोणीतरी विजेरीचा उजेड माझ्यावर टाकला. माझा हात डावीकडे होता.

"धुकं होतं गं, विनी," ऑल्विन म्हणाला. "होतं असं या वयात."

त्या हिवाळ्यात येणारेजाणारे माझ्यापाशी थांबून तिच्याबद्दल बोलत. बिचारी विसरायला लागली, म्हणत. तिने एकटे राहू नये, म्हणत. फाटकांचे काम तिच्याकडून काढून घेतले, आणि ते दिले ऑल्विनला.

एप्रिलमध्ये ती दोन कुबड्यांवर आली, मॉइराचा आधार घेत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नटांना बोट लावले. त्यांच्यावरचा गंज खरवडला गेला होता, पान्याचे ओरखडे अजून दिसत होते. पट्टी सरकून शेवाळही सोलले गेले होते. ती रडू लागली.

"मॉइरा," ती म्हणाली, "माझं डोकं ठीक आहे गं."

ऑल्विन खालीच कुरणात होता. मॉइराने त्याला हाक मारून वर बोलावले. विनिफ्रेडने कुबडीने नटांकडे दाखवले. तो मेलेल्या मेंढीबद्दल सांगू लागला. नाताळआधी हात परत फिरवणार होतो, म्हणाला.

"मेंढीचं मला कळतं," ती म्हणाली. "पण मी स्ट्रेचरवर पडले होते आणि तू म्हणालास, होतं असं या वयात. चार महिने मी रोज रात्री स्वतःला विचारतेय, ऑल्विन, आज काय विसरले म्हणून."

रविवारी पबमध्ये सगळ्यांसमोर तूच सांग, असे तिने त्याला बजावले. त्याने मान डोलावली.

शनिवारी तो करवत घेऊन आला. ज्या हातांनी मला घडवले, त्याच हातांनी मला गुडघाभर उंचीवर कापले. माझा वरचा भाग, नटांसकट, तो घेऊन गेला. खांब किडला होता, असे त्याने गावाला सांगितले. मॉइराने खरे काय ते सांगितले. काहींना पटले, काही म्हणाले पुरावा कुठे आहे. मी किडलेलो नव्हतो, मित्रांनो. माझे गाभ्याचे लाकूड अजून लालसर आणि टणक आहे. वाटल्यास वाकून बघा.

पुढच्या नाताळला फेरी आली त्याआधीच कोणीतरी विनिफ्रेडला ट्रॅक्टरवरून इथे आणून सोडले. ती घोंगडी अंथरून माझ्यावर बसली. माणसे उतरू लागली तशी एकेकाला कुबडी उचलून वाट दाखवू लागली. ज्यांनी तिला विसरभोळी म्हटले होते, तेही निमूट तिच्या कुबडीकडे बघून वळले.

फाटके लावत ऑल्विन सगळ्यांत शेवटी आला. त्याने टोपी काढली.

विनिफ्रेडने कुबडी उचलली. "डावीकडे, ऑल्विन," ती म्हणाली. "खरंच डावीकडे."

तो गेला. पबमध्ये पोहोचून त्याने खरे सांगितले की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आम्हा मुक्या खांबांवर लोक स्वतःच्या पायांपेक्षाही जास्त विश्वास ठेवतात. आमच्या तोंडी खोटे घालू नका. आणि कधी घातलेच, तर निदान हाक ऐकू आल्यावर आधी माणसाकडे धावा.