काठोकाठ बाटली

शेजारच्या अलकनंदाबाईंनी फिल्मचा रोल हातात ठेवला आणि विश्वनाथरावांना धडकी भरली. नवरा गेल्यावर त्यांच्यापाशी पद्माकररावांची एवढीच शेवटची आठवण उरली होती, कॅमेऱ्यात अडकलेली. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या नव्या कलर लॅबवाल्याने हात झटकले होते, "ब्लॅक अँड व्हाइट हमारी मशीन में नहीं होगा." लक्ष्मीबाई नगरात, मुलाच्या सरकारी क्वार्टरच्या बाथरूममध्ये फिल्म धुणारे विश्वनाथराव तेवढे उरले होते.

आणि त्यांचंच काही जमेनासं झालं होतं. आधी स्वतःच्या फिल्मचा तुकडा धुऊन पाहिला, तर फिक्का. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ ठेवला, तर आणखी फिक्का. कॅमेऱ्याला दोष द्यावा, तर फिल्मच्या कडेला कंपनीने आधीच टाकलेले आकडेही पुसट. म्हणजे गोम डेव्हलपरमध्ये, फिल्म धुवायच्या रसायनात. पण डेव्हलपर बिघडला की चहासारखा होतो. हा तर नितळ.

"बाबा, विसरता तुम्ही हल्ली," इंद्रजित म्हणाला. "काहीतरी कमीजास्त घातलं असेल."

त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं. उरलेल्या डेव्हलपरला हवा लागू नये म्हणून ते बाटलीत काचेच्या गोट्या सोडत. पातळी गळ्याशी येई. हल्ली सोडायला जावं, तर बाटली आधीच काठोकाठ. सोडल्या असतील आपणच, म्हणत ते बूच लावत.

त्या दुपारी त्यांची नजर गोट्यांच्या वाटीवर गेली. वाटी शिगोशीग भरलेली. बाटली उजेडात धरली. तळाशी एकही गोटी नाही.

"सुनीती," त्यांनी बायकोला विचारलं, "या बाटलीला कोण हात लावतं?"

"मी. तुम्हीच सांगितलंत ना, काठोकाठ हवी, वर हवा नको. उकळून गार केलेलं पाणी घालते हो. नळाचं नाही."

"अगं, पाणी?"

"मग काय, तुमच्यासारख्या गोट्या घालू?"

त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली. मग नवा डेव्हलपर कालवला.

या खेपेला आकडे काळेभोर उमटले. संध्याकाळी पद्माकररावांच्या रोलचे फोटो दोरीवर वाळत होते. भाजी निवडणाऱ्या अलकनंदाबाई, वेणी घालणाऱ्या अलकनंदाबाई, सगळीकडे त्याच.

"हे कुठेत?" फोटो बघायला आलेल्या अलकनंदाबाईंनी विचारलं. पुन्हा पहिल्यापासून बघत गेल्या.

विश्वनाथरावांनीही एकेक फोटो न्याहाळला. इतकं करून माणूस हाती लागलाच नाही.

सुनीतीबाईंनी वेणीचा फोटो दोरीवरून काढून अलकनंदाबाईंच्या हातात दिला. "ही तू हसतेयस ना, ती कुणाकडे बघून?"